दहाव्या सेंटिमीटरवरचा पिवळा ठिपका

माझ्या स्वतःच्या अंगठ्याचा ठसा मी नीट असा पहिल्यांदा पाहिला तो बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी, जालन्याच्या कॉलेजात, आणि तोही जांभळ्या रंगात.

अमिनो आम्लं कागदावर वेगळी करायची, हे आमचं त्या सत्रातलं पहिलं प्रॅक्टिकल होतं. कागद मापानं कापला, त्यावर ठिपके दिले, तो काचेच्या बरणीत उभा केला, वाळवला, आणि शिकवणाऱ्या मॅडमनी सांगितलं तसा, आम्लांना रंग आणणाऱ्या निनहायड्रिनचा फवारा मारून ओव्हनमध्ये ठेवला. पाच मिनिटांनी बाहेर काढला तर मधे फिकट, पसरट ठिपके आले होते. कडेला मात्र, जिथं मी कागद धरला होता तिथं, एक अख्खा अंगठा उमटला होता. वळणावळणाच्या सगळ्या रेघांसकट, झकास.

मॅडमनी कागद उजेडात धरला. "छान. स्वतःला तर ओळखलंस. आता उरलेल्यांना ओळख."

सगळे हसले, मीही हसले, पण माझं लक्ष त्या अंगठ्यातच राहिलं. घरी मी अंगठे खूप पाहिले होते. माझे वडील मेंढरं राखतात. रेशनच्या दुकानात, बँकेत, पंचायतीत त्यांचा निळा अंगठाच चालत आला. आता मशीन आल्यापासून तर तोही नीट लागत नाही. कातर आणि दोर हाताळून त्यांच्या बोटांच्या रेघा पुसट झाल्यात. दुकानदार दोनदा, तीनदा अंगठा पुसायला लावतो आणि मशीन तरी नाहीच म्हणतं. आणि इथं मी नुसता कागद उचलला, तर कागदानं मला धरून ठेवलं. मॅडम म्हणाल्या, घामात अमिनो आम्लं असतात, म्हणून कागद नेहमी चिमट्यानं धरायचा. मी वहीत लिहून घेतलं. पण मला प्रश्न पडला तो वेगळाच. इतके दिवस मी कुठं कुठं काय काय ठेवून आले असेन, ज्याच्यावर कुणी फवारा मारला नाही?

तेव्हापासून मला या प्रयोगाचं वेड लागलं. वेड म्हणजे काय, तर त्यात चार तास काहीच दिसत नाही आणि मला तेच आवडायचं. अमिनो आम्लांना स्वतःचा रंग नसतो. कागदाच्या खालच्या कडेपासून दोन सेंटिमीटरवर पेन्सिलीनं एक रेघ मारायची. पेननं मारली तर शाईच वर चढत जाते, हे मी दुसऱ्या प्रॅक्टिकलला शिकले. त्या रेघेवर दोन-दोन सेंटिमीटरवर फुल्या करायच्या आणि प्रत्येक फुलीवर काचेच्या बारीक नळीनं एकेक थेंब द्यायचा. वाळवायचा, परत द्यायचा. मग कागद बरणीत उभा करायचा. बरणीच्या तळाला ब्युटेनॉल, अॅसेटिक आम्ल आणि पाणी यांचं मिश्रण, म्हणजे द्रावक, असतं. त्याचा वास शिळ्या व्हिनेगरसारखा, डोक्यात जाणारा. ते कागदातून आपोआप वर चढतं, रॉकेलच्या दिव्यात वात भिजत जाते तसं. जाताना थेंबातल्या आम्लांना सोबत नेतं, पण सगळ्यांना सारखं नाही. काही वरपर्यंत जातात, काही खालीच रेंगाळतात. कोण किती वर गेलं ते मोजलं की कोण कोण आहे ते कळतं.

"तसं का होतं मॅडम?" मी विचारलं होतं.

"कागदात थोडं पाणी धरलेलं असतं. ज्याला पाणी जास्त आवडतं तो कागदापाशी थांबतो. ज्याला द्रावक आवडतं तो त्याच्याबरोबर जातो. आवडणं हा शब्द परीक्षेत लिहू नकोस."

मी लिहिला नाही. पण डोक्यात तोच बसला.

आता परीक्षेचं सांगते. थिअरीची मला काळजी नव्हती, पाठांतर मला जमतं. प्रॅक्टिकल वेगळं पास व्हावं लागायचं, आणि त्यात नापास म्हणजे वर्ष वाया. आमच्या घराण्यात माझ्याआधी कुणी दहावीच्या पुढं गेलं नव्हतं. माझे मोठे काका दर सणाला वडिलांना विचारायचे, अजून किती शिकवणार, पोरीचं बघा आता. वडील भांडणारे नाहीत. त्या दिवाळीला त्यांनी मला एवढंच सांगितलं, "तू पास हो माय. मंग पुढचं पुढं शिकवतो, कुनी काय बोलू दे. पन नापास झालीस तर मला त्याच्यापुढं तोंड उघडता येनार न्हाई. तेवढं ध्यानात ठुव."

म्हणजे एम.एस्सी. होणार की नाही, ते एका कागदावर होतं.

परीक्षेच्या आदल्या रविवारी मी घरी गेल्ते. आमचं घर पिंपळगाव रेणुकाईच्या बाजूला, भोकरदन तालुक्यात. सोमवारी पहाटेच आवरून निघायचं होतं, कारण परीक्षा दहाला सुरू होणार होती. मी वेणी घालत होते, तेवढ्यात पाहिलं तर आई माझी कंपासपेटी उघडून बसलेली. देव्हाऱ्यातला भंडारा, म्हणजे देवाची हळद, चिमटीत घेऊन ती माझ्या स्टीलच्या पट्टीला लावत होती. पेन्सिलीला आधीच लावून झाली होती.

"आई! काय करून राह्यलीस?"

"काय म्हंजे? औजार न्हाई का हे तुझं?"

"पट्टी आहे ती."

"मंग? तुझ्या बापाच्या कातरीला दर सालाला लावते मी. कातरनीच्या आधी भंडारा लागला नाही असं कधी झालं न्हाई. आजपोहोत एक तरी मेंढरू कापलं का त्यायच्या हातून?"

"न्हाई."

"मंग बस की गुमान. बस चुकंल."

कातरणीला कातर पुजायची, ही आमच्याकडची रीत आहे. लोकर कापायला बसण्याआधी कातर, दगड, पाण्याचं भांडं, सगळ्याला भंडारा लागतो. त्याशिवाय पहिलं मेंढरू कुणी आडवं पाडत नाही. आईला माझ्या परीक्षेत काय असतं ते माहीत नव्हतं. पण मी कशानं तरी काम करते, तर त्याला भंडारा लागला पाहिजे, एवढं तिला बरोबर कळत होतं. मला बरं वाटलं. मी खाली वाकले, तिनं माझ्याही कपाळाला लावला आणि मी निघाले.

बसमध्ये बसल्यावर मी पट्टी आणि पेन्सिल ओढणीनं पुसून घेतली. प्रयोगशाळेत स्वच्छता लागते, हे मला कळत होतं. जालन्यात मस्तगडला माझ्या खोलीवर बॅग टाकली, साबणानं हात दोनदा धुतले आणि कॉलेजला पोचले.

बाहेरचे परीक्षक दुसऱ्या जिल्ह्यातून आले होते. वयस्कर, बारीक आवाजाचे, चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला. प्रत्येकाला एक छोटी बाटली दिली, त्यावर नुसता नंबर. प्रश्न असा, की दिलेल्या मिश्रणात दोन किंवा तीन अमिनो आम्लं आहेत, ती वेगळी करा आणि ओळखा. सोबत ओळखीची चार आम्लं दिली होती: लायसिन, ग्लायसिन, प्रोलिन, ल्युसिन. चारही आपल्या कागदावर शेजारी शेजारी चालवायची आणि अनोळखी मिश्रण त्यांच्याशी ताडून पाहायचं.

मी कागद चिमट्यानं उचलला. अंगठ्याचा धडा मी विसरले नव्हते. पट्टी ठेवून रेघ मारली, फुल्या केल्या. दोनवर लायसिन, चारवर ग्लायसिन, सहावर प्रोलिन, आठवर ल्युसिन आणि दहावर माझं अनोळखी. साडेदहाला कागद बरणीत गेला.

मग ते चार तास. बाकीच्या मुली तोंडी परीक्षेची तयारी करत बसल्या. मी अधूनमधून वही वाचत होते आणि अधूनमधून बरणीपाशी जाऊन पाहत होते. ओल वर वर चढत होती. खाली कोरा कागद, वर कोरा कागद, मधे फक्त ओलीची एक सरळ कड.

"पोरी, बघून ते जल्दी चढत न्हाई," प्रयोगशाळेचे मामा म्हणाले. मामा तिथले परिचर होते. सगळी बॅच त्यांना मामाच म्हणायची. त्यांनी इतक्या वर्षांत इतके कागद चढताना पाहिले होते, की कोणत्या बरणीला किती वेळ लागेल ते बोटांवर मोजून सांगायचे.

अडीचला कागद काढला, ओल कुठवर गेली तिथं पेन्सिलीनं खूण केली, वाळवला, फवारा मारला, ओव्हनमध्ये ठेवला. मग बाहेर काढला.

सुंदर आला होता. असा माझा कागद आधी कधीच आला नव्हता. लायसिन खाली, ग्लायसिन त्याच्या थोडं वर, दोन्ही जांभळे. प्रोलिन मधे, पिवळा, कारण निनहायड्रिननं सगळे जांभळे होतात आणि प्रोलिन तेवढा पिवळा होतो. ल्युसिन बराच वर, जांभळा. आणि दहाव्या सेंटिमीटरवर, माझ्या अनोळखी मिश्रणाच्या वाटेवर, तीन ठिपके. एक जांभळा, लायसिनच्या बरोबरीला. एक जांभळा, ल्युसिनच्या बरोबरीला. आणि एक पिवळा.

पिवळा म्हणजे प्रोलिन. मी आनंदानं उत्तरपत्रिकेत लिहायलाच घेतलं. लायसिन, प्रोलिन असं लिहून झालं, आणि मग अंतर मोजायला पट्टी लावली तेव्हा हात थांबला.

पिवळा ठिपका चुकीच्या जागी होता. प्रोलिन कागदाच्या अर्ध्याच्याही खाली थांबला होता. माझा पिवळा ठिपका ल्युसिनच्याही वर, पार ओलीच्या खुणेला टेकायला आला होता. रंग म्हणत होता प्रोलिन आणि जागा म्हणत होती बिलकुल नाही. तोच कागद, तेच द्रावक, तीच बरणी. एकच वस्तू दोन ठिकाणी कशी थांबेल?

घड्याळात साडेतीन वाजत होते. चारला कागद जमा करायचा होता. प्रश्नात "दोन किंवा तीन" लिहिलं होतं, म्हणजे तीन लिहिले असते तरी कुणाला नवल वाटलं नसतं. दोन लिहून पिवळ्याबद्दल गप्प बसले असते तरी चाललं असतं कदाचित. पण मॅडमचं वर्षभर एकच सांगणं होतं, की दिसलं ते लिहायचं. जे दिसलं त्याचं काय करायचं तेच मला कळत नव्हतं. खरं सांगायचं तर भीतीपेक्षा मला राग आला होता. हा कोण, जो सगळ्यांच्या पुढं निघून गेला, आणि माझ्या बाटलीत कसा आला?

मग पट्टी उचलताना दिसलं. स्टीलच्या पट्टीवर सेंटिमीटरच्या ज्या कोरलेल्या बारीक खाचा असतात, त्यातल्या नऊ ते अकराच्या खाचा पिवळ्या होत्या. आईच्या चिमटीनं जिथं दाबून लावलं होतं, तिथंच. ओढणीनं वरचा भंडारा गेल्ता, खाचेतला नव्हता गेला. मी पट्टी परत कागदाच्या रेघेवर ठेवली. दहाचा आकडा बरोबर माझ्या अनोळखी मिश्रणाच्या फुलीवर आला. हळद फवाऱ्याआधीही फिकट पिवळी दिसलीच असणार, पण बरणीच्या धुरकट काचेतून आणि वाळवायच्या घाईत ती माझ्या नजरेतून सुटली होती.

कागद मी चिमट्यानं धरला होता, हात दोनदा धुतले होते, आणि घरचा भंडारा पट्टीवर बसून परीक्षेच्या कागदात आला होता.

पण असं वाटणं वेगळं आणि ते दाखवता येणं वेगळं. हळदच आहे, हे कशावरून? मला एकच गोष्ट माहीत होती. लहानपणापासून पाहिलेली. हळदीला चुना लागला की ती लाल होते.

मी हात वर केला. "सर, मला थोडा चुना हवा आहे."

परीक्षकांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "काय?"

"चुना, सर. खायचा. माझ्या कागदावर एक जास्तीचा ठिपका आहे. मला वाटतं ती हळद आहे, माझ्या पट्टीवरची. चुना लावून बघू का?"

मागं कुणीतरी खुदकन हसलं. सर मॅडमकडं बघू लागले, मॅडम मामांकडं. सगळ्या वर्गाला माहीत होतं मामांच्या डाव्या खिशात काय असतं ते.

मामांनी दोन्ही हात वर केले. "माझ्याकडं कुठला चुना? मी तंबाखू कवाच सोडली, सर."

"उत्तम," सर म्हणाले. "मग डबी काय कामाची? द्या तिला."

"ती आपली सवयीनं राह्यली खिशात," म्हणत मामांनी डबी काढली आणि माझ्या पुढ्यात ठेवताना कानाशी पुटपुटले, "माझी नोकरी खाती का गं?"

मी काडीच्या टोकानं चुना घेतला, पाण्यात कालवला, आणि आधी ओळखीच्या प्रोलिनवर टेकवला. पिवळा पिवळाच राहिला. मग दहाच्या वाटेवरच्या पिवळ्यावर टेकवला. काडी उचलेपर्यंत तो लाल झाला. विटकरी लाल, कुंकवासारखा.

सरांनी कागद चिमट्यानं उचलून जवळ घेतला.

"प्रोलिनवर आधी का लावलं?"

"ओळखीचं आधी, अनोळखी नंतर, सर. दोन्ही लाल झाले असते तर काहीच कळलं नसतं."

"हं. आणि चुनाच का?"

"हळद चुन्यानं लाल होते."

"कशामुळे?"

मी डबीकडं पाहिलं. मग सुचलं. "चुना अल्कली आहे, सर."

"मग तुमच्या मागच्या फळीवर सोडियम कार्बोनेटची बाटली आहे. तीही अल्कलीच आहे. मामांची डबी वाचली असती."

आता सगळाच वर्ग हसला, मामा सगळ्यांत मोठ्यानं. मी वळून पाहिलं. बाटली खरंच होती, तीन वर्षं तिथंच होती. चुना मला घरून माहीत होता आणि अल्कली पुस्तकातून. दोन्ही एकच, हे मी परीक्षेत पाठ म्हणून लिहिलंही असतं, पण गरज पडली तेव्हा हात घरच्या गोष्टीकडंच गेला. ते मला अजून आठवतं.

"शेवटचा प्रश्न," सर म्हणाले. "हळद इतकी वर का गेली?"

हे पुस्तकात नव्हतं. डोळ्यांपुढं आईचा तवा आला, फोडणीत टाकलेली हळद आली. "सर, हळद पाण्यात टाकली तर तळाला बसते. तेलात टाकली तर तेल लगेच पिवळं होतं. म्हणजे तिला पाणी आवडत..." मी जीभ चावली. "म्हणजे ती पाण्यात विरघळत नाही. कागदातल्या पाण्यापाशी थांबायचं तिला कारण नाही. म्हणून द्रावकाबरोबर गेली."

सरांनी मान हलवली आणि कागदावर काहीतरी लिहिलं. "उत्तर?"

"लायसिन आणि ल्युसिन. दोनच." मी आधी लिहिलेलं प्रोलिन सरळ रेघेनं खोडलं, वाचता येईल असं.

"स्वच्छतेचे गुण जातील. पट्टी पुसून वापरायची असते."

"पुसली होती, सर."

"खाचा पुसल्या नव्हत्या."

खरंच होतं ते.

निकाल लागेपर्यंत मी घरी काहीच बोलले नाही. स्वच्छतेचे किती गेले, ते कळायला मार्ग नव्हता. निकालाच्या दिवशी कॉलेजच्या फलकावर माझा नंबर प्रॅक्टिकलसकट पास म्हणून लागला होता. वडिलांना फोन केला, तर ते माळावर होते, मागं मेंढरांचा आवाज. "पास?" त्यांनी विचारलं. "पास," मी म्हटलं. त्यांनी एका मेंढराला हाळी घातली. मग ते म्हणाले, "तुझ्या काकाकडं जाऊन येतो सांजच्याला." पुढं शिकवतो, असं त्यांनी पुन्हा म्हटलं नाही. एकदा म्हटलेलं होतं.

मॅडमचे माझ्यावर फार उपकार आहेत, त्यातला एक हा, की निकालानंतर त्यांनी मला बोलावून विचारलं, "परत करून बघायचं का? मुद्दाम, भंडारा लावून?" आम्ही दोघींनी एक अख्खा दिवस घातला. लायसिन, ग्लायसिन, प्रोलिन, ल्युसिन आणि पाचवा माझ्या घरचा भंडारा. मामांनी डबी न मागता आणून ठेवली. तो कागद मॅडमनी मला घरी न्यायला दिला.

घरी मी तो आईवडिलांपुढं अंथरला आणि परीक्षेत काय झालं ते पहिल्यांदा सांगितलं. चुना लावून लाल झालेला ठिपका दाखवला.

आईनं कागद नाकाशी नेला. "हे तर कुकू झालं. यासाठी तीन वर्सं जालन्यात राह्यलीस? मला इचारलं असतंस तर घरी सांगितलं असतं."

"आई, तुझ्यामुळं माझे गुण गेले त्यात."

"गुण गेले का? पास झालीस ना?"

वडील कागदावर ओणवे होऊन बसले होते, कळपातलं एखादं लंगडं जनावर निरखतात तसे. त्यांनी खालच्या ठिपक्यावर बोट ठेवलं. मी बोट ठेवू नका म्हणणार होते, पण म्हटलं नाही.

"ही खाली राह्यलेली कोन?"

"लायसिन."

"आनि ही सगळी एकाच टायमाला निघाली?"

"एकाच."

"मंग हिला पान्याची वढ असंल," ते म्हणाले. "काही मेंढरं असतेत तशी. कळप वढ्यावरून वर लागला तरी पान्यापासून हालत न्हाईत. पार मागं राहतेत."

कागदात पाणी असतं, हे मी त्यांना सांगितलंच नव्हतं.

"आनि माझा भंडारा?" आईनं विचारलं.

"तो सगळ्यांच्या पुढं गेला."

"जानारच," आई म्हणाली, आणि उठून चुलीपाशी गेली.

एम.एस्सी.च्या पहिल्या प्रॅक्टिकलला मी दोन पट्ट्या घेऊन गेले. एकीच्या खाचांत भंडारा होता, ती पेटीतच राहिली. रेघ दुसरीनं मारली.